दाजींच्या दुकानातलं नेट

४ मार्च, मंगळवार

दुर्बीणवाले आले! शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसला मालक हेच म्हणतात. आजवर आम्ही हसायचो. आज ते थेट दारात, पुढे एक मॅडम. "कुणी जागेवरून उठायचं नाही." मालक चहा मागवायला लागले, तर म्हणाल्या — "चहा नको. कॉम्प्युटरचे पासवर्ड चालतील."

फोनांची पिशवी त्यांना मिळाली नाही. मालकांना आधीच कुणकुण लागली होती. फोन कालच मी हातोड्याने फोडून कालव्यात टाकले. मला विचारलं, काय काम करतोस? म्हटलं, चहापाणी, झेरॉक्स.

५ मार्च

खरं काम इथे तरी लिहितो. पिशवीत बरेच फोन, प्रत्येकावर चिकटपट्टी — आचारी, ड्रायव्हर, वॉचमन, मालकांची मावशी. प्रत्येकाच्या नावाचं शेअरचं खातं. सह्या पगारवाढीच्या म्हणून घेतलेल्या, खात्याचा कुणाला पत्ता नाही. मालक आतून ओरडायचे — "आचाऱ्याचं विक! ड्रायव्हरचं घे!" मी बटणं दाबायचो. शेअर एकाच पाइप कंपनीचा. ते पाइप कुणी पाहिलेत देव जाणे. आचाऱ्याने ड्रायव्हरला विकला, ड्रायव्हरने वॉचमनला, दर वेळी थोडा महाग — आणि ते तिघं खाली बाकावर बसून मालकांच्या चालण्याची नक्कल करतायत! बाहेरच्या लोकांना वाटायचं, काय उठाव आहे! धावत यायचे. मग मालक आपल्याकडचा माल त्यांच्या गळ्यात मारून मोकळे.

नववीत शाळा सोडली मी. पण कळत नव्हतं असं नाही.

७ मार्च

लिफ्ट वाजली की झेरॉक्स मशीनमागे जाऊन उभा राहतो. जेवण जात नाही.

१० मार्च, सोमवार

ताईचा फोन. रडत होती. "अरे, दुकानात सरकारी माणसं आली. ह्यांना म्हणतात, तुमच्या नेटवरून शेअरचे घोटाळे झालेत. बँकेतलं खातं गोठवलंय. ह्यांना शेअर म्हणजे काय तेसुद्धा धड ठाऊक नाही रे!"

त्या नेटवर कोण बसलं होतं, ते मला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात ताईचं ऑपरेशन झालं तेव्हा सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "जा. पण पिशवी घेऊन जा, बाजार कुणाच्या बहिणीसाठी थांबत नाही." ताईच्या गावी, घरात रेंज येत नाही. मी सगळे फोन दाजींच्या पंखे-मिक्सर दुरुस्तीच्या दुकानातल्या नेटला जोडले! इथे माग लागू नये म्हणून मालक सारखी सिमकार्डं बदलतात — आणि मी गाढव, दाजींच्या नावाच्या, पक्क्या पत्त्याच्या लाइनीवर जाऊन बसलो! दाजी पंखा उघडून बसले होते. म्हणाले, "काय मेहुणेबुवा, एवढे फोन? लग्न एकीशीच करायचं असतं हो!"

१२ मार्च

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. "दुर्बीणवाले ज्याचं विचारतायत, ते दुकान कुणाचं?"

"दाजींचं."

मालकांनी टाळीच वाजवली! "मग झालं की! सगळी खाती तो दुकानदारच चालवत होता. दंड होईल, तो मी भरतो. तू तोंड उघडलंस तर तू आत. मी नाही — माझी सही कुठे आहे?"

"अहो, पण दाजी —"

"दाजीच ना? बाप तर नाही!"

चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि संन्यासी माझ्या बहिणीचा नवरा.

१३ मार्च, गुरुवार

दाजींना फोन लावला. पिशवीपासून कालव्यापर्यंत सगळं सांगितलं. पलीकडे नुसता कुणाचा तरी मिक्सर घरघरत होता. मग तो बंद झाला.

"ताईला बोललास?"

"नाही."

"बोलू नकोस. टाके अजून दुखतात तिचे. आता काय करणार आहेस?"

"त्या मॅडमकडे जातो. खरं ते सांगतो."

"आत टाकतील."

"टाकू देत."

"मोठा आला टाकू देत म्हणणारा! मिसरूड फुटलं म्हणजे अक्कल येत नाही. सोमवारपर्यंत गप्प बस. एवढं तरी ऐक माझं."

ठेवला फोन. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१५ मार्च

मालक खोलीवर आले, हातात तिकीट ठेवलं — उद्या सकाळची गाडी, लांबच्या शहरात त्यांचा मित्र, तिथे नोकरी तयार. "हवापालट कर जरा." ड्रायव्हर दारात उभा, मी सामान भरतोय की नाही बघायला! बिचाऱ्याला माहीत नाही, त्याच्या नावावर काय काय झालंय.

तिकीट टेबलावर ठेवलं. म्हटलं, मला गाडी लागते. मालक हसले नाहीत.

१६ मार्च

खोली सोडली. ताईच्या मुलीच्या वयाची पोरं खेळतात त्या बागेत दिवस काढला. मालकांचे फोन येतायत. उचलत नाही. उद्या काय बोलायचं ते मनात घोकतोय. पहिल्याच वाक्याला अडतो.

१७ मार्च, सोमवार

मॅडमच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितोय. विचार करा म्हणाल्या आणि बाहेर बसवलं.

आत गेल्या गेल्या सांगितलं — फोन मी चालवत होतो, दाजींचा काही संबंध नाही. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुमचे दाजी शुक्रवारी येऊन गेले. फोन माझे, बटणं मी दाबली, पोराला काही ठाऊक नाही — असं शपथेवर सांगून सही करून गेलेत."

या शहरात येऊन गेले, आणि मला भेटलेही नाहीत!

मग मॅडम म्हणाल्या — "शपथेवर खोटं बोलणं हाही गुन्हाच असतो. तेव्हा नीट आठवून सांगा. तुम्हा दोघांत खोटं कोण बोलतंय?"