गरम पाणी आधी जातं कुठे?

सौ. अक्काला,

धाकट्या (आणि तुझ्या मते बिनकामाच्या) भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला थांबला का? सगळं ठीक आहे असं धरूनच चालतो, कारण उत्तराची वाट बघायला मला धीर नाही. अक्का, गरम पाण्याचा छडा लागला!

तू मागे मला चांगलंच सुनावलं होतंस, "आईच्या आखडलेल्या बोटांना सकाळी गरम पाणी मिळत नसेल तर मी तिला माझ्याकडे घेऊन जाईन." ते मला फार लागलं. (खरं होतं म्हणून जास्तच लागलं.) आमचा गीझर स्वयंपाकघराच्या माळ्यावर आणि न्हाणीघर घराच्या पार दुसऱ्या टोकाला. नळ सोडायचा आणि ताटकळत बसायचं. गार पाण्याच्या बादल्या भरून भरून झाडांना घातल्या, झाडं कुजायला लागली, तरी नळाला पाझर म्हणून फुटेना! आई बिचारी "कशाला पाणी वाया घालवायचं" म्हणत गुपचूप गार पाण्यातच हात धुऊन मोकळी व्हायची, आणि मग दिवसभर बोटं शालीखाली लपवायची. मला कळत नाही असं तिला वाटायचं.

शेवटी प्लंबरला बोलावलं. हा माणूस बोलतो कमी आणि ठोकतो जास्त. न्हाणीघराच्या भिंतीवर हात ठेवून मी छातीठोकपणे सांगितलं, "पाइप इथून सरळ येतो, फोडा!" त्याने फोडली. पाइप नाही. मी म्हटलं, जरा डावीकडे. तिथेही नाही. ही दारात उभी राहून नुसती बघत होती (तिचं ते बघणं तुला ठाऊक आहे). मला चेव आला. हातोडा हिसकावून घेतला, एक घाव असा घातला की वीट पलीकडे गेली, आणि भोकातून शेजारच्या नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या! हातात साबणाने माखलेलं पातेलं.

"चहा हवा होता तर दारातून यायचं हो," त्या म्हणाल्या.

पातेल्यावर पडणारं पाणी वाफाळत होतं! प्लंबर एकदम बोलका झाला. ही दोन घरं पूर्वी एकच होती म्हणे. मालकाने मध्ये भिंत घातली आणि पाइप तसाच विसरला. आमचं गरम पाणी आधी नर्सबाईंच्या मोरीत जातं, त्यांचं स्वयंपाकघर फिरून येतं, आणि उरलं तर आमच्याकडे! त्या घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "अहो, मला वाटायचं आमच्या टाकीवर ऊन पडतं. ढगाळ दिवसातही गरम यायचं, तेव्हा जरा नवल वाटायचं, एवढंच."

प्लंबरने करवत काढली. तेवढ्यात आई काठी टेकत आली. "तोडायचं नाही. त्या एकट्या बाईने गार पाण्यात भांडी घासायची का?" मी तोंड उघडलं, तर मलाच दटावलं, "तू आधी ती वीट उचल."

आणि अक्का, आता आईला नळ सोडल्याबरोबर कढत पाणी मिळतं! काल तिने स्वेटरची बटणं स्वतः लावली, सगळी, आणि मला दाखवायला खोलीभर फिरली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेव्हा तिला न्यायचा विषय आता कायमचा संपला.

तुझा,
धाकटा

ता.क. तो नळ नर्सबाईंचा आहे. आई रोज सकाळी टॉवेल घेऊन तिकडे जाते, त्या तिची बोटं शेकून, चोळून देतात, आणि मग दोघींच्या गप्पा संपत नाहीत. जेवायला हाका माराव्या लागतात.

ता.ता.क. आमच्या न्हाणीघराला आता भिंत अशी उरलेली नाही. गवंडी रोज "उद्या" म्हणतो. आई इथेच राहील, तिची काळजी करू नकोस. आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येऊ का? हिने बॅग भरली आहे.