वरचा खिळा

प्रिय रूपे,

फोनवर दवाखान्याचा विषय निघाला की तुला लगेच मोटर चालू करायला जायचं असतं, म्हणून लिहायला बसले. पत्राला ‘ठेवते गं’ म्हणता येत नाही.

आई बरी आहे. कमरेला पट्टा बांधून ओट्यावर बसते आणि माळा ओवता ओवता वहिनीला सूचना देते. वाकायची बंदी आहे, बोलायची नाही. पण त्या दिवशीचं तिचं कण्हणं माझ्या कानांतून जात नाही. झेंडूचा क्रेट टेम्पोत चढवायला तिनं हात लावला आणि खालीच बसली. पडली नाही, घसरली नाही, तरी मणका दबला. डॉक्टर म्हणाले, हाडं आतून ठिसूळ झालीत, आधीचेही मणके असेच दबलेत आणि त्यानं उंची कमी झालीय. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला खिळा आठवला.

दसऱ्याचं तोरण आपल्याच मळ्यातल्या फुलांचं आणि ते आईनंच बांधायचं. घर रंगवलं त्या वर्षी तिचा हात चौकटीवरच्या खिळ्याला पोचेना. तिनं आपल्या मल्हारी गड्याला झाडलं, “खिळा लय वर ठोकला मेल्यानं.” तो बिचारा शपथा घेत होता की खिळा जागचा हललेला नाही. आपण पोट धरून हसलो. शेवटी त्यानं चार बोटं खाली दुसरा खिळा ठोकला आणि भांडण मिटवलं. मळ्यातल्या बाईचं हाड बाभळीचं, असं आई म्हणायची. आपण ते खरं मानलं.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. आईचं हे असं, माझी पाळी गेलेली, म्हणजे तपासणी हवीच. मी घाबरत गेले, पण सुई नाही, काही नाही. चहा उकळेपर्यंत मशीनखाली पडून राहायचं. माझीही हाडं विरळ व्हायला लागलीत. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मोडायच्या आधी कळलं. गोळ्या घेते, रोज चालते, आणि तोंड वाकडं करून नाचणी खाते.

त्यांना तुझंही सांगितलं. ऐन तिशीत तुझी पिशवी काढली, सोबत अंडाशयंही गेली. गावी सायखेड्यात सगळ्या बायका म्हणाल्या, कटकट गेली. डॉक्टर मात्र म्हणाले, यांची हाडं तर सगळ्यांत आधी बघायला हवी होती. त्या ऑपरेशनमध्ये तुझे किती हाल झाले, ते मी पाहिलंय. म्हणून मी तेव्हा तुला तपासणीचा आग्रह केला नाही.

पण या दसऱ्याला आईच्या जागी तोरण बांधायला तू उभी राहिलीस. तू घरातली शिडी. परकरात होतीस तेव्हापासून वरच्या खिळ्याला सहज हात लावून आईला चिडवायचीस. परवा तू टाचा उचलल्यास, पुन्हा उचलल्यास, आणि हसून म्हणालीस, “आईचाच खिळा बरा.” सगळे हसले. मला मात्र धडकी भरली गं. गुरुवारी तुझ्या नावानं तपासणीची वेळ घेतली आहे. बसनं येऊन द्वारका चौकात उतर, मी तिथेच उभी असेन. आत हात धरून नेईन आणि बाहेरही हात धरूनच आणीन. रूपे, मला तिसरा खिळा ठोकायचा नाही.

तुझीच,
मंजूताई