आनंदाने दिलेली

ता. ६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आणि दाजींना प्रभूमध्ये सलाम. इकडे आम्ही बरे आहोत. हिची कंबर धरते, पण लाँड्रीत दिवसभर इस्त्रीच्या टेबलापाशी उभं राहायचं म्हटल्यावर नवल नाही. थोरल्याला कारखान्यात कायम केलं. माझं काम तेच, चष्म्याच्या काचा घासायच्या आणि फ्रेमीत बसवायच्या. आता मलाच जवळचं दिसेनासं झालंय, त्यावर मालक रोज तोच विनोद करतात आणि मी रोज नव्याने हसतो.

तुझं चिंतन सकाळी सहाला फोनवर येतं, ते चुकवत नाही. थोरला म्हणतो, "आत्याचा रेडिओ लागला." रागावू नकोस, प्रेमाने म्हणतो. परवाचं विश्वासावरचं छान होतं. बाळ आईचं बोट धरून जिना उतरतं तेव्हा पायऱ्या बघत नाही, ते. कामावरच्या एका जोडीदाराला पाठवलं. ही ऐकत नाही असं काही नाही. तिची ती भांड्यांची वेळ, नळ सोडलेला असतो, तिला ऐकू येत नसावं.

तुझं पाकीट मिळालं. वर्षभराची चिंतनं एका पुस्तकात येणार म्हणजे मोठंच काम झालं. आपल्या आईने हे बघायला हवं होतं. 'आज्ञापालन' हे पान दोनदा वाचलं. खऱ्या माणसांची साक्ष छापायची तर त्यांची लेखी संमती लागते असं छापखानेवाले म्हणतात, म्हणून आम्ही दोघांनी सोबतच्या कागदावर सही करून पाठवायची, हेही समजलं.

पान सुंदर आहे. दोन-चार बारीक गोष्टी नजरेला आल्या, कळवून ठेवतो.

तू लिहिलंयस की आम्ही दोघं पहाटे तुझ्या दारात आलो आणि बाळ तुझ्या हातात ठेवलं. दोघं नव्हतो. मी एकटा आलो होतो, ही इस्पितळात होती. पहाट नव्हती, दुपारचे तीन वाजले होते आणि तुझं जेवण व्हायचं होतं. तू म्हणशील, त्याने काय बिघडतं. नसेलही बिघडत.

ठकी 'नुकती जन्मलेली' नव्हती. पाच महिन्यांची होती, पालथी पडायला लागली होती. तुम्ही तिचं नाव बदललंत ते ठीकच, पण माझ्या तोंडात ठकीच येतं.

आणि 'आनंदाने' हा शब्द एका पानात चार वेळा आलाय. आनंदाने दिली, आनंदाने आज्ञा पाळली, असं. जरा जास्त वाटतं. भाषेच्या दृष्टीने म्हणतोय.

सहीचं म्हणशील तर ही हल्ली फार दमून येते. सवड बघून विचारतो. माझं काय, मी कधीही करीन.

ठकीला गोड पापा. कॉलेज संपवून तीच तुझं पुस्तक टाइप करतेय हे वाचून बरं वाटलं.

तुझा,
धाकटा


ता. २७ फेब्रुवारी

ताई,

ठकी सुखरूप आहे. आधी एवढं वाच आणि श्वास घे.

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो ताई' म्हणतो. जन्मभर तेच केलंय. म्हणून लिहायला बसलो. मधे थांबू नकोस, दाजींना वाचून दाखवू नकोस, शेवटपर्यंत एकटीने वाच.

गेल्या शनिवारी दुपारी ती इथे आली. ही नुकतीच कामावरून येऊन गरम पाण्याच्या बादलीत पाय घालून बसली होती. मी दार उघडलं तर ठकी, पाठीला सॅक. मला वाटलं तू संमतीचा कागद न्यायला धाडलंस. ही तशीच ओल्या पायांनी उठली. खुर्ची पुढे केली, पदराने पुसली, पुन्हा पुसली. ठकी बसली नाही.

म्हणाली, "मामी, एकच विचारायचंय. तुम्ही मला आनंदाने दिलंत?"

ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामाला विचार."

आणि मी म्हणालो, "हो गं. आनंदाने. देवाची आज्ञा होती, आम्ही पाळली."

बावीस वर्षांचं पाठांतर ताई, कुठे अडखळलो नाही.

ही आत निघून गेली. ठकीने सॅकमधून एक पिवळट कागद काढून टेबलावर ठेवला. माझंच अक्षर. तू साक्षींसाठी जुनी पत्रं पेटीत जपून ठेवलीस ना, टाइप करताना त्यात तिला ते मिळालं. तू ते कशाला ठेवलंस? तुझ्या दृष्टीने तेही देवाच्या कृपेचंच पत्र असणार. तिने मोठ्याने वाचलं:

"ताई, तुझ्या म्हणण्याप्रमाणे ठकी आता तुझीच. हिला अजून सांगितलेलं नाही. महिनाभरासाठीच पाठवलीय असं ती समजते. ताप उतरून अंगात ताकद आली की सांगेन. तोवर पत्रात काही लिहू नकोस, ती वाचते."

ही दारात येऊन उभी होती. इतकी वर्षं तिची समजूत अशी होती, की महिना झाल्यावर तू मूल मागितलंस आणि मी तुझ्यापुढे नमलो. तेवढ्याचाच राग धरून ती माझ्याबरोबर राहिली. मी ठकीला घेऊन निघालो तेव्हाच सगळं ठरलेलं होतं, आणि ही इस्पितळाच्या खाटेवरून "तिची लाल टोपी घेतलीत ना?" असं विचारत होती तेव्हा मला ते माहीत होतं, हे तिला त्या शनिवारी कळलं.

तिने फडकं घेतलं आणि मघाची स्वतःची ओली पावलं पुसायला लागली.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. तू म्हणालीस की प्रार्थनेत तुला स्पष्ट दिसलं, हे मूल तुझं आहे. माझा विश्वास बसला का? मला आज आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ठकी फार रडायची. एक खोली, तापाने फणफणलेली बायको, तीन वर्षांचा थोरला, आणि सकाळी आठला मशिनीवर हजर राहायचं. तू "दे" म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तू चौदाची. माझ्यासाठी तू शाळा सोडलीस, माझं नाक पुसलंस, मला अक्षरं शिकवलीस. तुला 'नाही' कसं म्हणतात ते तू शिकवलं नव्हतंस, आणि मीही शिकायच्या भानगडीत पडलो नाही. वर देवाची आज्ञा असं नाव मिळालं. सुटकाही झाली आणि चर्चच्या मंडळीत मानही. दाजींनी व्यासपीठावरून माझं नाव घेतलं तेव्हा माझी मान ताठ झाली होती, हे खोटं कशाला सांगू?

हिला मी दीड महिन्याने सांगितलं, तेही तू आत्ताच मागितलंस असं. ती म्हणाली, "देवाला सांगायचंच होतं तर मला का नाही सांगितलं? पोर मी जन्माला घातली." मी म्हणालो, "तू आजारी होतीस." त्यावर ती हसली. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती भिंतीला धरत धरत तुझ्या घरी आली. तुझ्या पानावर त्याचं एक वाक्य आहे, 'माझी भावजय एकदा भेटायला आली आणि शांत मनाने परत गेली.' ताई, तू तिला चहा दिलास, तिचा हात हातात घेऊन तासभर प्रार्थना केलीस. ठकी आतल्या खोलीत झोपली होती. ही म्हणाली, नुसती बघते. तू म्हणालीस, "आत्ताच डोळा लागलाय, जागी होईल." ती बघितल्याशिवाय परत आली. घरी येऊन तिने थोरल्याला जेवू घातलं आणि तेव्हापासून मंडळीत पाऊल ठेवलं तर मागच्या दाराशी, ठकी समोर गात असेल तेव्हाच. आणि सकाळी सहाला ती नळ का सोडते, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

हे सगळं मी ठकीसमोर सांगितलं. उभ्याउभ्या, तिच्याकडे बघून. ती म्हणाली, "मग मामा, तुम्ही आज्ञा पाळलीत ती नक्की कुणाची?"

मी म्हणालो, "ताईची."

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं आता ती रडेल, आणि मग मला बाबा म्हणेल. काय सांगू, खरंच वाटलं तसं. माणसाला स्वतःबद्दल काहीही वाटतं. ती म्हणाली, "मी समजत होते की तुम्हाला मी नकोशी होते, म्हणून आनंद झाला. तिकडे घरी आईला हवीशी होते म्हणून ती मला जपते. आता तेही धड राहिलं नाही." मग हिच्याकडे वळून म्हणाली, "मामी, मी इथे नाही राहणार. पण जवळपास राहीन." मला फक्त "येते" म्हणाली.

लाँड्रीच्या पलीकडच्या गल्लीत मुलींचं वसतिगृह आहे, ती तिथे आहे. तुला तिने कळवायला नको म्हटलं होतं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून मी कळवतोय, आणि हे तिला सांगून कळवतोय. इतकं तरी या वेळी केलं.

तुझा संमतीचा कागद मी परत पाठवतोय. मी त्यावर 'संमती नाही' असं लिहिलंय. हिच्यासमोर ठेवला तेव्हा तिने माझा चष्मा मागून घेतला, पान पहिल्यापासून वाचलं, आणि सहीच्या जागी लिहिलं ते तू बघशीलच. 'मला कोणी विचारलं नाही.' खाली पूर्ण नाव, तारीख.

ते पान काढून टाक ताई. शब्द बदलून चालणार नाही, आख्खंच काढ.

मी देव सोडलेला नाही. काल कामावर काच घासताना प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण शब्द सगळे तुझेच येतात, तुझ्याच चालीत. तुला एक विचारू? देव तुझ्याशी बोलतो तेव्हा तो नेहमी तुझ्या मनासारखंच कसं बोलतो? माझ्याशी तर तो कधी बोललाच नाही. त्याचं जे काही होतं ते तुझ्यामार्फत आलं, आणि मी ते हिच्यापर्यंत पोचवलं. या कामात तुझी चूक किती आणि माझी किती, याचा मी विचार करतोय. माझी जास्त निघते. तू मागितलंस. दिलं मी, आणि जे दिलं ते एकट्या माझं नव्हतं.

घरात आता ही माझ्याशी थोरल्यामार्फत बोलते. "यांना विचार, चहा घेणार का." तो बिचारा दोघांच्या मधे उभा राहून तीच वाक्यं पुन्हा म्हणतो. आधी त्याला हसू यायचं, आता येत नाही.

बुधवारी दुपारी मी लाँड्रीत गेलो. काचेच्या दाराबाहेर थांबलो. मोठी चादर दोघांनी घडी करावी लागते, ठाऊकच आहे तुला. एका बाजूची दोन टोकं हिच्या हातात, दुसरीकडची ठकीच्या, तीही आता तिथेच काम करते. दोघी जवळ यायच्या, ठकी आपली टोकं हिच्या हातात द्यायची, खाली वाकून मधली घडी उचलायची, मागे सरायची. पुन्हा जवळ. ती अजून मामीच म्हणते तिला, दाराच्या फटीतून मी ऐकलं. एक चादर झाली की दुसरी. त्यांनी मला बघितलं, आणि पुढची चादर उचलली. मी कामावर परत गेलो.

तू येणार, हे मला माहीत आहे. नको म्हटलं तरी येशील. तर मग एकटी ये. दाजींना आणू नकोस, मंडळीच्या बायकांना आणू नकोस. माझ्याकडे येऊ नकोस, माझ्याकडे आता तुला द्यायला काही नाही. लाँड्रीच्या मागच्या दाराने जा, दुपारी दोनला त्यांची अर्ध्या तासाची सुट्टी असते. तिथे बसायला जागा नाही, उभं राहावं लागेल. गेल्यावर प्रार्थना सुरू करू नकोस. हात हातात घेऊ नकोस. दोघी काय म्हणतात ते ऐकून घे, आणि काहीच म्हणाल्या नाहीत तर तेही ऐकून घे.

मी लहान असताना तू म्हणायचीस, ताईचं ऐकावं. एकदा तू माझं ऐक.

तूच वाढवलेला,
धाकटा