सात नंबरचं जाळं

१० सप्टेंबर

मला, म्हणजे शहाताला, घरबसल्या नोकरी मिळाली, असं बलतीमच्या चहाच्या टपऱ्यांवर बोललं जातंय. खरा हिशोब मांडून ठेवतो. चालतं दुकान बंद केलं. बायकोनं दोन दिवस अबोला धरला, मग चार दिवस बोलली. अबोला स्वस्त पडला होता. सरोवर ओलांडायला नावाड्यानं दोन माणसांचं भाडं घेतलं, कारण माझ्या कांद्याच्या पोत्याला त्यानं माणूस धरलं. उतरताना एक चप्पल चिखलानं ओढून घेतली. एवढं देऊन मिळालं काय? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सरोवर, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्यावर पाखरांच्या पायात नंबराची कडी घालून सोडायचं तीन खोल्यांचं केंद्र, आणि त्याचा कोठीवाला-स्वयंपाकी हा हुद्दा. मी खूश आहे. वारा असा आहे की दुकानातल्या डाखकामाचा छातीत बसलेला सगळा धूर धुऊन निघाला.

केंद्र डॉक्टर नेवीन चालवतात. काटक बाई, बोलणं मोजकं. आम्ही त्यांना दकतूरा म्हणतो. दुसरा दसूकी, इथलाच कोळी, तिशीचा, तोंडाचा फटकळ. मी वयानं मोठा म्हणून मला अम्म शहाता, म्हणजे शहाताकाका म्हणतो, पण आदर तेवढ्यावरच संपतो. बलतीममध्ये मी पाखरं पकडायच्या पेट्या विकायचो आणि आता पाखरं सोडायच्या जागी पगार घेणार. तेव्हा अम्म, तू दोन्ही तोंडांनी जेवतोस, असं त्यानं पहिल्याच घासाला सुनावलं. मी म्हटलं, पोट एकच आहे बाबा, आणि ते तुझ्यापेक्षा मोठं आहे.

पेट्यांचं खरं आहे. वीतभर डबा, आत लावा पक्ष्याचा टिपलेला आवाज. शिकारी पहाटे झुडपात टांगतो. समुद्र ओलांडून दमलेला लावा ते ऐकून जाळ्यात उतरतो. आवाज मी स्वतः टिपायचो. रशीदपासून दमियात्तापर्यंतच्या किनाऱ्यावर माझी पेटी ओळखतील असे लावे जन्मले नाहीत. पण मला फसवायचं तर? पेटीतला गळा कुठला आणि जिवंत गळा कुठला, हे मी झोपेत सांगेन. माझ्या कानाला चकवेल अशी पेटी अजून कोणी बनवलेली नाही. हे जेवताना सांगितलं. दकतूरा हसल्या. दसूकीनं मात्र पैज लावायची तयारी दाखवली.

१३ सप्टेंबर

कामाची घडी बसली. उजाडताना सात जाळी उघडायची. जाळी इतकी बारीक की धुक्यात मी स्वतः एकदा नाकानं तपासली. पाखरू जाळ्याच्या झोळात पडलं की कुठल्या बाजूनं शिरलं ते बघायचं आणि त्याच बाजूनं, पाय आधी, असं सोडवायचं. मग कापडी पिशवी, पिशवी खुंटीला. दकतूरा पक्कडीनं कडं मिटवतात, पंख मोजतात, पोटावरची पिसं फुंकरीनं बाजूला करून खालची पिवळी चरबी बघतात, वजन करतात आणि खिडकीतून सोडतात. जाळ्यांच्या फेरीची नोंद मी ठेवायची, म्हणून ही वही दोरीनं माझ्या गळ्यात असते. माझं आयुष्यही तिच्यातच लिहितो. कागद कशाला वाया घालवा.

एक नियम दसूकीनं दमात घेऊन शिकवला. चार पाखरं अडकली असतील तर जे ओरडतंय ते आधी सोडवायचं. ते ओरडत राहिलं की त्याचे जातवाले मदतीला धावतात आणि शेजारीच अडकतात. खाटीक पक्षीही येतो. काल आला. मी आधी गप्प वटवट्या सोडवत बसलो. ओरडणाऱ्यापाशी पोचेपर्यंत खाटकानं लटकत्या जिवाचा चेहरा खाऊन टाकला होता. डोकं होतं, चेहरा नव्हता, आणि छाती अजून धडधडत होती. दसूकीनं दोन बोटांत धरून ती थांबवली. 

१६ सप्टेंबर

आज सात नंबरला, म्हणजे सगळ्यात लांबच्या, झाऊच्या झुडपांजवळच्या जाळ्यात खरुची सापडली. लहान जातीचा ससाणा. ओरडत नव्हती. हातात घेतली तेव्हा दिसलं, दोन्ही डोळ्यांच्या पापण्या निळ्या दोऱ्यानं शिवलेल्या. पायाला पिसांचा गोळा, गोळ्यात केसासारखे फास.

दसूकीनं ओळखलं. हे आमिष. पापण्या अशा शिवतात की वरच्या आभाळाची फट तेवढी दिसावी, म्हणजे पाखरू वर वरच उडत राहतं. मोठ्या ससाण्याला वाटतं, हिनं शिकार पकडली आहे. तो ती हिसकायला झेपावतो आणि फासात अडकून हिच्यासकट खाली येतो. हे काम पट्टीच्या पूर्व टोकाला तंबू ठोकून बसलेल्या सुवैलिमचं. खलीजचं, म्हणजे आखाती देशांतलं, एक गिऱ्हाईक मोठ्या ससाण्यासाठी त्याला दहा होड्यांची किंमत देणार आहे, आणि तीन हंगाम तो एकाच पाखरामागं आहे. दसूकी म्हणाला, दकतूरा, पायातला गोळा काढू नका, दोरा काढू नका, जशी आहे तशी त्याच्या तंबूपाशी सोडून येतो.

दकतूरांनी कात्री मागितली. दसूकीनं खरुची धरली, दकतूरांनी टाके कापले, पायातला गोळा सोडवला, कडं घातलं आणि खिडकीतून मी सोडली. ती सरोवरावरून सरळ रेषेत गेली. डोळे उघडे असले की पाखरू सरळ उडतं. तिघंही हसलो.

१८ सप्टेंबर

सुवैलिम आला. मला वाटलं, भांडेल. पण असा सभ्य माणूस मी बाजारात पाहिला नाही. चहात साखर किती विचारल्यावर म्हणाला, तुमच्या मनात असेल तेवढी. हात मऊ, नखं स्वच्छ. खिडकीत अडकलेली एक माशी त्यानं चिमटीत धरून बाहेर सोडली.

म्हणाला, दोरा जपून ठेवलाय का? बायकोच्या ओढणीवरच्या नक्षीतला आहे, चांगला आहे. दकतूरा म्हणाल्या, जाळला. त्यानं मान हलवली. सांगितलं, की परवा मोठा ससाणा आला होता, तंबूवर घिरट्या घालून गेला, आणि हवेत सोडायला त्याच्याकडे काही नव्हतं. आमिष परत आलं नाही तर आमिष करावं लागतं, एवढंच बोलला. आवाज चढवला नाही.

मग माझ्याकडे वळला. तूच का तो पेट्यावाला शहाता? तुझी एक पेटी आहे माझ्याकडे, अजून खणखणीत वाजते, फक्त आवाज जुना झाला. मला बरं वाटलं. गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर सांगून टाकलं, की लाल बटण दाबून धरलं की जुना आवाज पुसतो आणि नवा टिपता येतो. खारी हवा लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव. त्यानं दोनदा विचारून नीट समजून घेतलं. उठताना माझ्या कानांचं कौतुकही केलं. तो गेल्यावर दसूकी म्हणाला, अम्म, तुझं दुकान बंद झालं तरी तोंड उघडंच आहे.

२० सप्टेंबर

पहाटे बघतो तर मिटवून ठेवलेली सहा जाळी रात्रीतच कोणी उघडून मग कापलेली. सातवं खांबांसकट गायब. कापलेल्या झोळांत धोबी, थिरथिरे, वटवटे, सगळ्यांच्या माना मुरगळलेल्या. एकही पडलेलं नव्हतं. सगळी परत झोळात नीट ठेवलेली. ज्यांना आमचं कडं होतं त्यांचे पाय कापलेले.

दाराच्या खुंटीला पिशवी. आत खरुची. आमच्या कड्यासकट. जिवंत. पापण्या परत शिवलेल्या, आणि या वेळी चोचही.

दकतूरांनी तिची मान स्वतः मोडली. नंतर त्या बराच वेळ बादलीत हात बुडवून बसल्या. फोनला रेंज छतावरच मिळते, तिथं चढून मी पोलीस चौकीला फोन लावला. सरोवर खवळलंय, वारा पडला की बोट पाठवतो म्हणाले. वाळूनं चालत जायची वाट एकच, आणि ती तंबूवरून जाते.

२१ सप्टेंबर

दसूकी नाही. उजाडताना उरलेले खांब आणायला गेला. जाताना म्हणाला, चहा टाक अम्म, तुझ्या गप्पा संपायच्या आत येतो. धुकं होतं. चहा तीनदा उकळला.

झाऊकडच्या वाळूत ओढल्याची खूण. त्याची एक चप्पल. मी माझ्या चिखलातल्या चपलेवरून त्याला किती हसवलं होतं.

परत फोन. वारा पडला, आता धुकं आहे म्हणाले. बोट नाही.

दुपारी हाक आली. झाऊच्या दिशेनं. दसूकीच. अम्म शहाता! अम्म शहाता! मग किंकाळी, मग खोकला. मी असं ओरडणं ऐकलेलं नाही. ओरडण्याच्या शेवटी जवळच कुठंतरी करवानक बोलला. तो पक्षी झाऊच्या दक्षिणेला बसतो. म्हणजे दसूकी तिथंच आहे. जागा माझ्या कानांनी पक्की केली.

२२ सप्टेंबर

रात्रभर थांबला नाही. हाक, किंकाळी, खोकला. त्यामागं करवानक. बिचारा पक्षीही तिथून हलत नाही.

दकतूरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले होते. मग काढले. मला विचारलं, शहाता, नीट ऐक. हा जिवंत गळा आहे का? तू सांगशील तसं करू. नसेल तर दार लावून बोटीची वाट बघू.

मी छतावर उभा राहून ऐकलं. सांगितलं, दकतूरा, माझ्या कानांची शपथ, जिवंत आहे.

त्या म्हणाल्या, मग जो ओरडतोय त्याला आधी. कात्री घेतली. मी बरोबर निघालो तर फोनजवळ थांब म्हणाल्या. बोट आली तर कोणीतरी वाट दाखवायला हवं.

धुक्यात शिरताना पाठ दिसली. मग एक आवाज. किंकाळी नव्हे. ओल्या कपड्यावर दांडकं मारल्यासारखा. तीन वेळा.

मग परत, अम्म शहाता!

२३ सप्टेंबर, सकाळ

बोट नाही. फोन उचलत नाहीत.

दकतूरा आल्या नाहीत. दसूकी अजून हाक मारतोय. दोन दिवस पाणी नाही, आणि गळा तसाच. कोळ्याचं पोर, चिवट.

माझंच नाव घेतो. दुसरं कुणाचं नाही.

कांदे कापायची सुरी घेतली आहे. वही गळ्यात आहे. जातो. मी सांगितलं म्हणून त्या गेल्या.

नंतर

झाऊपाशी. डावा पाय तारेच्या फासात. घोट्याशी हाड दिसतंय. मी कानांच्या भरवशावर चालत आलो, पायाखाली बघितलं नाही. सुरी लांब पडली.

सात नंबरचं जाळं इथं आहे. खाली, जमिनीलगत ताणलेलं. दकतूरा त्यात आहेत. जाळ्याचा लोखंडी खांब पाठीतून गेलाय. डोकं — डोक्याचा मागचा भाग नाही. हातात कात्री.

दसूकी झुडपाला टेकून बसवलाय. मांडीवर पिसांचा गोळा. पापण्यांना निळा दोरा. हात लावला, पोचला तेवढा. गार. पोट फुगलेलं. तोंडात मुंग्या. कालचा नाही हा. परवाच — परवा सकाळीच —

अम्म शहाता!

ओठ हलले नाहीत.

सुवैलिम येतोय. वाळूवरून. धावत नाही. आम्हीही जाळ्याकडे धावत जात नव्हतो, पाखरू घाबरतं म्हणून. हातात पिशवी. सुईत दोरा ओवलेला दिसतोय. माझ्याकडे बघून हसला, चहा घेताना हसला तसाच.

डोक्यावरच्या फांदीला काहीतरी टांगलंय. प्लास्टिकमध्ये, नीट गुंडाळून. हाक. किंकाळी. खोकला. करवानक. परत हाक. करवानक आत आहे. तोही आतच आहे.

डब्यावर चिठ्ठी आहे. माझ्या दुकानाची. शहाता, बलतीम. मी दोन दिवस कान लावून ऐकलं आणि दकतूरांना सांगितलं, की