दिपालीच्या माघारी

मी, महादेव भावकू गुंजीकर, मूळचा गुंजीचा, हल्ली राहणार निपाणी, वय एकाहत्तर, हयातभर ट्रम्पेट वाजवला आणि शिकवला. दम कमी झाला आहे, डोके ताळ्यावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने ही व्यवस्था लिहून ठेवत आहे. यापूर्वीच्या मृत्युपत्रात सर्व काही एकुलती मुलगी दिपाली हिच्या नावे केले होते. ते रद्द समजावे. ती गेल्या श्रावणात वारली.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नी जयाबाई हिची. तिला या घरातून कोणी हलवू नये, ‘एकटी कशी राहणार’ अशा मायेपोटीसुद्धा.

२. कॉर्नेट व युफोनियम ही पितळी वाद्ये आणि दुरुस्तीची हत्यारे माझा शिष्य जिनेंद्र, राहणार सदलगा, यास द्यावीत. पिस्टनला खोबरेल लावू नये, हे त्याला अजून सांगावे लागते.

३. चांदीच्या मुलाम्याचा ट्रम्पेट. वरातींत, उरुसांत मी हाच वाजवला. पुढे तो दिपालीने घेतला आणि तिचा सूर माझ्यापेक्षा गोड निघाला. लग्नानंतर तिच्या सासूबाई अंबुबाई म्हणाल्या, “सून गाल फुगवून वाजवत बसली तर लोक हसतील.” ट्रम्पेट माझ्याकडे परत आला. माउथपीस तेवढा तिने ठेवून घेतला; मिक्सर चालू करून त्या आवाजात फुंकायची.

रक्ताच्या कर्करोगाने ती बेळगावच्या इस्पितळात होती. वॉर्डात आम्हाला सोडत नव्हते. फोनवर म्हणाली, “आप्पा, खालनं वाजवा की. खिडकी उघडी हाय.” मी आवारात उभा राहून वाजवू लागलो. रखवालदार अडवायला आला. तेव्हा जावई नागेंद्र, उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला असतो, जिना उतरून धावत आला आणि त्याने रखवालदारापुढे हात जोडले. “वाजवू द्या हो. बाप हाय तिचा.” पुढचे दात नसल्याने वरचा सूर फाटला. फोनवर ती हसली. “लई वर गेलासा, आप्पा. पण थांबू नगासा.” दुसऱ्या दिवशी ती गेली.

हा ट्रम्पेट नागेंद्रने मागितला आहे. त्याला वाजवता येत नाही. वाद्य वाजवणाऱ्याच्या हाती जावे, असे जिनेंद्रचे म्हणणे आहे, आणि आयुष्यभर मीही तेच शिकवले. तरी तो नागेंद्रलाच द्यावा.

४. अंबुबाईंना मी काही ठेवत नाही. त्या भेटायला आल्या तर जयाबाईने चहा द्यावा. मागे आल्या तेव्हा मी तेवढाही देऊ शकलो नाही.

५. दिपाली गेल्यापासून माझी शिकवणी बंद आहे. मला आता वाद्य ओठाला लावता येत नाही; लावले की ती खिडकी दिसते. संसारभर ‘कान किटले’ म्हणणारी जयाबाई काल जेवता जेवता म्हणाली, “अहो, घर खायला उठतंय. चुकीचं का असंना, कुणीतरी वाजवा की हो.”

सबब जिनेंद्रने घराच्या पुढच्या सोपाखोलीत शिकवणी पुन्हा सुरू करावी. मुली आल्या तर त्यांना आधी घ्यावे. बाकीची कलमे माझ्या पश्चात. हे कलम मात्र माझ्या मरणाची वाट न पाहता अमलात यावे. जिनेंद्र, सोमवारी ये. दार उघडेच असेल.

वाचून, समजून सही केली.

महादेव भावकू गुंजीकर

आमच्यासमक्ष सही झाली, आम्हीही सह्या केल्या :
१) पायगोंडा आदगोंडा पाटील, शेजारी
२) नीलम रवळू पाटील, शिक्षिका

निपाणी, १२ फेब्रुवारी २०२५