निळा ड्रम पालथा घातला

रविवार, ८ मे, उदगीर

आधी आली ती लग्नं जुळवणारी शेवंता, तोंडाला पावडर थापून. तिच्या मागनं पोराचे आईबाप. आमच्या नातीला, रेश्माला बघायला. बाप बसल्या बसल्या उदगीर जिल्हा कवा होणार ते सांगू लागला. म्हणलं, जिल्हा होईल तवा होईल, आधी टँकर तर येऊ द्या.

पोराच्या आईनं इचारलं, "गाणं येतं का गं?"

"न्हाई, मी ड्रम वाजवते."

"लग्नानंतर सोडावं लागंल."

मला लई राग आला. रेश्माच्या मोबाइलवर त्या जपानच्या बँडवाल्या चौघी रोज बघते मी. शाळंतल्या मैतरणी. रस्त्यावर वाजवायच्या, तवा कुणी थांबत नव्हतं. आता ही गर्दी! दोघींची लग्नं झाली, लेकरं झाली, तरी आपली वाद्यं आपणच वाजवतात. तेच सांगितलं बाईला.

"ते जपान हाय, आजी."

"मग हे उदगीर हाय," म्हणलं, आन अंगणातला पाण्याचा निळा ड्रम, रिकामाच होता, पालथा घातला. "वाजव गं!"

असा वाजवला पोरीनं, की त्या बापाचा पाय हालू लागला. मी बघितलं ना. बाई मात्र पोह्यांकडं बघत बसली. मी जास्ती बोलले का? पोरीचं जमत आलेलं मोडलं का? मोडू दे, पर ती ड्रम सोडणार न्हाई.

जाताना बाईच म्हणली, गुरुवारी पोराला घेऊन येतो.

गुरुवारी सकाळीच टँकर येतो. घागरी, बादल्या समदं भरीन, निळा ड्रम तेवढा रिकामा ठेवीन.