सावंतकाकूंची मऊ चकली

मुलुंड, नरक चतुर्दशी, संध्याकाळ

बाबांना जाऊन अजून वर्ष झालं नाही, म्हणून यंदा घरात फराळ नाही. शेजारच्या सावंतकाकूंनी रीतीप्रमाणे डबा आणून दिला. चकली बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि लगेच अपराधी वाटलं. घरात शिकलेली मी एकटी, त्यामुळे काय चालतं नि काय नाही, ही चिंताही माझीच.

आईने चकली मोडली. आवाजच आला नाही.

"मऊ पडली गो. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, बिनदातांच्यांसाठी केलीय काय?"

आणि हसली. कितीतरी महिन्यांनी. मी घाबरून विचारलं, "आई, या वर्षात हसलेलं चालतं ना?"

"एवढी शिकलीस आणि मला विचारतेस? खा गप्प. पुढच्या वर्षी दाखवते सावंतिणीला, चकली कशी असते ती."

पुढच्या वर्षी, म्हणाली. बाबा गेल्यापासून उद्याचंही काही बोलत नव्हती. मी नीट ऐकलं ना? हो, पुढच्या वर्षीच म्हणाली.

मग मी दुसरी चकली घेतली. तीही मऊच होती.